आंब्याच्या पेटींतील महादरवाजा

दिवाळी आठ-दहा दिवसांवर येऊन ठेपली कीं पुण्या-मुंबईच्या घराघरांतून एक जुना वाद नव्यानें सुरू होतो. मुलांना किल्ला करावयाचा असतो आणि वडील मंडळींना घरांत चिखल नको असतो. वाड्यांचीं अंगणें होतीं तोंवर हा वाद फार वाढत नसे. चार विटा, दोन गोणपाटें, परसांतली माती आणि एक बादलीभर पाणी एवढ्या भांडवलावर किल्ला उभा राही. त्यावर अळीव किंवा मोहरी पेरली जाई, कुंभारवाड्यांतून आणलेले मावळे तटावर चढत, सिंहासनावर महाराज बसत, आणि तळच्या गुहेंत एक वाघ येऊन राही. आतां पुष्कळांचें अंगण गेलें आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरची चार फूट रुंदीची गॅलरी उरली. तेथें ओल्या मातीचा ढीग घातला तर खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर त्याची नोंद होते! मग बाजारांतून साच्यांत ओतलेला, रंगवून तयार असलेला प्लॅस्टरचा किल्ला येतो. मुलें एक संध्याकाळ त्याच्याभोंवतीं बसतात आणि दुसऱ्या दिवसापासून तिकडे फिरकत नाहींत. त्यांत करावयाचें असें कांहीं उरलेलेंच नसतें.

या अडचणींतून निघण्याची एक वाट आहे. संपूर्ण किल्ला करण्याचा हट्ट सोडावा, आणि किल्ल्याचा एकच कोपरा, एकाच पेटींत, घरांतल्या टाकाऊ वस्तूंनीं उभा करावा. पाश्चात्त्य लोक अशा कृतीस ‘डायोरामा’ म्हणतात. मराठींत ‘देखावा’ हा शब्द गणपतीच्या आराशीमुळें घरोघर रुळलेला आहे, आणि तो पुरेसा आहे. डायोरामा हें नांव मूळ ग्रीक शब्दांवरून, ‘आरपार पाहणें’ अशा अर्थानें बनविलेलें. पुढें छायाचित्रणाच्या शोधामुळें ज्याचें नांव जगभर झालें त्या दागेरनें, बूतों या आपल्या भागीदारासह, १८२२ सालीं पॅरिस शहरांत या नांवाचें एक प्रेक्षागृह काढलें. तेथें प्रचंड पडद्याच्या दोन्ही बाजूंस चित्र रंगविलेलें असे. झडपा उघडून-मिटून उजेड बदलला कीं त्याच चित्रांत दिवसाची रात्र होई. १८३९ सालीं तें प्रेक्षागृह आगींत जळालें, पण नांव उरलें, आणि संग्रहालयांनीं तें उचललें. पुढें पेंढा भरलेला प्राणी, पायाखालीं माती आणि मागें रंगविलेलें क्षितिज अशा मांडणीसच लोक डायोरामा म्हणूं लागले. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या निसर्गविभागांत असे देखावे आहेत. देखावा करूं इच्छिणाऱ्या मुलास तेथें एकदां अवश्य न्यावें. मात्र प्राण्यांकडे न पाहतां पेटीचे मागचे कोपरे कोठें लपविले आहेत, तें शोधावयास सांगावें.

संपूर्ण किल्ला कां करूं नये, याचें उत्तर साध्या त्रैराशिकांत आहे. बाजारांतला मातीचा मावळा साडेसात सेंटिमीटर उंच आहे असें समजूं. खरा माणूस १६५ सेंटिमीटर धरला तर मावळा बावीस पटींनीं लहान झाला. रायगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारें ८२० मीटर उंच आहे. तोहि बावीस पटींनीं लहान करावयाचा म्हटलें, तर सदतीस मीटरांचा, म्हणजे बारा मजली इमारतीएवढा ढीग घालावा लागेल. अंगणांतल्या किल्ल्याला हा हिशेब कोणी लावीत नाहीं, आणि लावूंहि नये; बुरुजापेक्षां उंच मावळा हीच तेथली गंमत आहे. पण पेटींतल्या देखाव्याचा प्राण प्रमाणांत असतो. पाहणाऱ्याला क्षणभर कां होईना, आपण त्या वाटेवर उभे आहों असें वाटलें पाहिजे, आणि एकच वस्तु प्रमाण सोडून वागली तरी तो क्षण हातचा जातो.

उदाहरणादाखल रायगडाचाच महादरवाजा घ्यावा. १६७४ सालीं ज्या गडावर राज्याभिषेक झाला, २०२५ सालीं युनेस्कोनें जागतिक वारसा म्हणून नोंदलेल्या बारा किल्ल्यांत ज्याचा समावेश झाला, त्याची ही मुख्य वाट. तिच्या दोन बाजूंस दोन प्रचंड बुरुज आहेत. एक सुमारें पंचाहत्तर फूट उंच व दुसरा सुमारें पासष्ट फूट. दरवाजा या दोन बुरुजांच्या कुशींत असा दडविलेला आहे कीं खालून चढत येणाऱ्यास प्रथम नुसते बुरुजच दिसतात. या रचनेस ‘गोमुखी’ म्हणतात. शत्रूला लांबून तोफेचा नेम धरतां येऊं नये, हत्तीला धडक देण्यासाठीं सरळ धांव मिळूं नये, आणि जो जवळ येईल तो दोन्ही बुरुजांच्या माऱ्यांत सांपडावा, असा यांतला हेतु. रायगडाच्या बांधकामाशीं हिरोजी इंदुलकर यांचें नांव निगडित आहे.

हें सर्व मुलांना पाठ्यपुस्तकांतून सांगतां येतें. पेटींत मात्र तें त्यांना स्वतः करावें लागतें, आणि तेथें खरी परीक्षा होते. दरवाजा समोरून दिसेल असा ठेवला तर देखावा सोपा होतो, पण तो महादरवाजा राहत नाहीं. दरवाजा दडविला तर पाहणाऱ्याला दरवाजाच दिसत नाहीं. यावर तोडगा असा: पेटीची समोरची बाजू उघडी ठेवावी, तींतून फक्त दोन बुरुज आणि त्यांच्यामागें नाहींशी होणारी वाट दिसावी, आणि पेटीच्या एका बाजूच्या फळीस, वाटेच्या वळणासमोर, दोन बोटें मावतील एवढें भोंक पाडावें. त्या भोंकाला डोळा लावला म्हणजे दरवाजा दिसेल. समोर उभ्या राहिलेल्या पाहुण्यानें “दरवाजा कुठें आहे?” असें विचारलें कीं किल्ला साधला असें खुशाल समजावें.

पेटी आंब्याची उत्तम. माळ्यावर एखादी पडलेली असतेच. आंत निदान तीस सेंटिमीटर उंची मिळेल अशी ती उभी करावी. प्रमाण एक सेंटिमीटरास एक मीटर धरावें. मग थोरला बुरुज तेवीस सेंटिमीटरांचा, धाकटा वीस सेंटिमीटरांचा आणि माणूस सव्वाडेढ-पावणेदोन सेंटिमीटरांचा होतो. दरवाज्याचें माप, त्यासमोर माणूस उभा असलेलें एखादें छायाचित्र मिळवून, त्या माणसाशीं ताडून काढावें. हें मोजमाप मुलांनींच करावें. वडिलांनीं करून दिलें तर पुढचें कामहि वडिलांच्याच अंगावर येतें, असा पुष्कळ घरांचा अनुभव आहे.

आतां कडा. येथें एका टाकाऊ वस्तूनें मोठीच मदत होते, ती म्हणजे खोक्यांचा नळीदार पुठ्ठा. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरांवर थर पसरून बनला. कठीण थर उभ्या कड्यासारखा टिकतो, मऊ थर झिजून त्याची उतरती पायरी होते, आणि त्या पायरीवर गवत धरतें. पावसाळ्याच्या अखेरीस घाटांतून जातांना डोंगरावर जे काळे-हिरवे आडवे पट्टे दिसतात ते हेच. भूगर्भशास्त्रज्ञ या खडकास ‘ट्रॅप’ म्हणतात, तें नांवहि स्वीडिश भाषेंतल्या ‘जिना’ या अर्थाच्या शब्दावरून पडलें आहे. पुठ्ठा हा असाच थरांचा असतो. तो कातरीनें कापूं नये. थोडा ओला करून हातानें फाडावा, म्हणजे कडा वेड्यावांकड्या निघतात. असे तुकडे आडवे, एकावर एक, खळ लावून रचावे. तीन-चार सेंटिमीटर उंची झाली कीं वरचा थर बोटभर मागें घ्यावा, म्हणजे पायरी पडते. दोन दिवस वाळूं दिल्यावर जो कडा तयार होतो तो मातीच्या ढिगापेक्षां कितीतरी अधिक सह्याद्रीसारखा दिसतो. खळ मैद्याची चालते. तिला कीड लागूं नये म्हणून मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे. परंतु मोरचूद विषारी आहे, तेव्हां तो मोठ्या माणसानेंच घालावा, नाहींतर दिवाळीपुरत्या कामाला नुसती खळहि पुरते.

बुरुजासाठीं जुन्या दिनदर्शिकेचा जाड कागद वर्तमानपत्राच्या गुंडाळीभोंवतीं लपेटावा, वरच्या अंगास किंचित् निमुळता. त्यावर अंड्यांच्या ट्रेचा खरखरीत पुठ्ठा पांच-पांच मिलिमीटरांचे तुकडे करून डकवावा. तो अर्ध्या मीटरचा दगड झाला. हें काम कंटाळवाणें आहे आणि तें निम्म्यावर सोडण्याचा मोह होतो. दर्शनी बाजूपुरतेंच करावें. मागची बाजू कोणी पाहत नाहीं. ज्यांच्या घरीं अंडीं येत नाहींत त्यांना कागदाच्या लगद्याचें थापटणें करतां येईल. जुन्या बायका मेथी घालून कागदाच्या टोपल्या करीत, तोच हा लगदा. पिठीसारख्या कुटलेल्या कोळशांत डिंकाचें पाणी व चिमूटभर गेरू मिसळला कीं दगडाचा रंग होतो.

वाटेवरच्या मातीसाठीं चहाचा चोथा वाळवून घ्यावा. गवतासाठीं अळीव येथें उपयोगाचा नाहीं. तीन सेंटिमीटरांचा कोंब या प्रमाणांत तीन मीटर उंच होतो, आणि भाऊबिजेपर्यंत सारा महादरवाजा अरण्यांत गडप होतो. त्याऐवजीं नारळाच्या शेंडीचा काथ्या अर्धा-पाऊण सेंटिमीटर कापून पायऱ्यांवर लावावा. आश्विन-कार्तिकांत गवत पिवळें पडूं लागतें, तो रंग काथ्याला जन्मतःच असतो. निष्पर्ण झाडासाठीं कोथिंबिरीच्या जुडीचीं मुळें धुऊन वाळवावीं आणि उलटीं रोवावीं.

टाकाऊ वस्तु वापरण्यांत एक धोका असतो, आणि पुष्कळ देखावे तेथेंच फसतात. वस्तु ओळखूं येतां कामा नये. बाटलीचें बूच कितीहि रंगविलें तरी तें बूचच दिसत असेल तर पाहणारा किल्ला विसरून बुचाचें कौतुक करूं लागतो. दुसरा शत्रु चकाकी. प्लॅस्टिकवर पडलेला एक चकचकीत ठिपका सगळें प्रमाण उघडें पाडतो. असा भाग डिंक लावून वर बारीक माती भुरभुरावी.

पेटीच्या मागें आकाश. सपाट कागद कोपऱ्यांत दुमडून लावला तर कोपरा दिसतो, म्हणून मोठा कागद अर्धवर्तुळाकार वांकवून बसवावा. दूरचे डोंगर जितके मागें तितके फिकट व निळसर रंगवावे. मधल्या हवेमुळें डोळ्यांना ते तसेच दिसतात. पेटी खालीं जमिनीवर ठेवूं नये. फळीवर अशा उंचीवर ठेवावी कीं पाहणाऱ्याचा डोळा पेटींतल्या वाटेच्या किंचित् वर येईल. वरून पाहिला तर रायगडहि खेळणें दिसतो.

शेवटीं माणसें. या वाटेची एक दंतकथा महाराष्ट्रांत सर्वांना ठाऊक आहे. हिरकणी गवळण दूध घालावयास गडावर गेली, संध्याकाळीं दरवाजे बंद झाले, घरीं तान्हें मूल होतें, आणि ती अंधारांत कडा उतरून गेली. देखाव्यांत तिचा कडा दाखविण्याची जरूर नाहीं. दरवाज्याची एक फळी मिटलेली, दुसरी अर्धी उघडी, आणि त्या फटींतून आंतल्या उजेडांत उभी असलेली एक बाई, एवढें पुरे. बाई सव्वाडेढ सेंटिमीटरांची, काड्यापेटीच्या काडीचा तुकडा व शाडूचा लहानसा गोळा यांची. तिच्या कमरेवरची घागर म्हणजे मोहरीचा एक दाणा; दोन मिलिमीटरांचा दाणा या जगांत वीस सेंटिमीटरांची घागर होतो. दाणा चिमट्यानें लावावा, आणि मोहरी एका जागीं हवी तितकी हाताशीं ठेवावी, कारण पहिले चार-पांच दाणे घरंगळून नाहींसे होतात. फळीमागें दिवाळीच्या विजेच्या माळेंतला एकच दिवा लपवावा. पणती ठेवूं नये. पेटीचें आंतलें सगळें अंग कागद आणि पुठ्ठा यांचें आहे, आणि दागेरच्या प्रेक्षागृहाचें काय झालें तें वर आलेंच आहे.

मातीचा किल्ला दिवाळी सरली कीं मुलें फटाका लावून उडवून देत, आणि त्या सोहळ्याची वाट किल्ला बांधण्याइतकीच पाहत. पेटीला तशी गति नाहीं. तुळशीचें लग्न झालें कीं कडा सोडवून पुठ्ठा रद्दींत द्यावा, चहाचा चोथा कुंडींत टाकावा, आणि पेटी, मापांचा कागद व दरवाज्याच्या दोन फळ्या तेवढ्या माळ्यावर ठेवाव्या. पुढच्या वर्षीं त्याच पेटींत राजगडच्या संजीवनी माचीचा दुहेरी तट मांडतां येईल. त्याला पुठ्ठा दुप्पट लागतो, तेव्हां खोकीं आषाढापासूनच जमवीत जावीं.