जलपर्यटन कोणतें निवडावें?

मुंबईहून सुटणाऱ्या पर्यटन-नौकांचीं चित्रें पाहून मुलें प्रथम पोहण्याचा तलाव शोधतात. वडीलधाऱ्यांनीं मात्र अगोदर खोलीची जागा विचारावी. नौकेचीं टोंकें व वरचे मजले अधिक हेलकावतात. ज्यांस बोट लागते त्यांस मध्यभागींची, खालच्या मजल्यावरील खोलीच बरी. बहुधा तीच स्वस्तहि असते!

याहून महत्त्वाचा प्रश्न उतरण्याचा. लक्षद्वीपास प्रवाळांमुळें मोठी नौका किनाऱ्यास लागत नाहीं. भर समुद्रांत हलत्या होडींत पाऊल टाकावें लागतें. गुडघे धरलेल्या आजींस तें झेपेल काय? आणि सारें कुटुंब बेटावर असतां त्यांनीं एकटींनींच नौकेवर बसावें, हें आपणांस रुचेल काय? अशा घरानें गोव्याचाच बेत करावा. मुरगांवीं नौका थेट धक्क्यास लागते. निघावें मात्र दिवाळीनंतर, समुद्र निवळल्यावर.