ह्रीबेर म्हणजे वाळा नव्हे!

‘ह्रीबेर, बालक, उशीर, खस, वेट्टिवेर... सगळी वाळ्याचीच नावं हो!’ हे ऐकून कान किटले. काष्ठौषधी विकणारे सांगतात, घरगुती उपायांची पुस्तकं छापतात, आणि शिकलेली माणसंही मान डोलावतात.

तापात दिल्या जाणाऱ्या षडंगपानीयाचा चरकसंहितेतला पाठ बघा: मुस्ता, पर्पटक, उशीर, चंदन, उदीच्य, नागर. यातलं उशीर म्हणजे आपला वाळा. उदीच्य हे ह्रीबेराचं, म्हणजेच बालकाचं, दुसरं नाव. दोन्ही एकच असतील तर द्रव्यं पाच होतात. मग ‘षडंग’ कशाला म्हणायचं?

वाळा हे गवत, गवती चहाच्या कुळातलं. भारतीय आयुर्वेदिक औषधकोश ह्रीबेर म्हणून जी वनस्पती देतो ती तुळशीच्या कुळातली आहे, पानओव्याची जवळची नातलग: कोलियस वेट्टिवेरॉइड्स. कुंभकोणमजवळ, तिरुवलंचुळीच्या बाजूला, कावेरीकाठच्या वाळूमिश्रित जमिनीत तिची लागवड करतात. बी पेरत नाहीत, खोडाचे तुकडे लावतात. ती रानात सापडत नाही. शेतकऱ्यांनी लावली तरच टिकणार. तिची सुवासिक मुळं औषधात जातात, फुलांबरोबर माळांतही गुंफतात.

घोटाळ्याचं मूळ अक्षरशः मुळात आहे. तमिळमध्ये ‘वेर’ म्हणजे मूळ आणि ‘वेट्टु’ म्हणजे तोडणे, खणणे. खणून काढलेलं वासाचं मूळ ते वेट्टिवेर. मुळांचा वासही मिळताजुळता, त्यामुळे बाजारात नावांची सरमिसळ झाली. पण के. सी. जेकब यांनी 1941 साली आपल्या मुंबईच्याच बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात या वनस्पतीचं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा ‘वेट्टिवेरॉइड्स’ हे नाव दिलं. त्यातल्या ‘ऑइड्स’चा अर्थ ‘-सारखा’. वाळ्यासारखा! नावातच भेद सांगितलेला असताना लोक तेच नाव एकपणाचा पुरावा म्हणून पुढे करतात, याला काय म्हणावं?

उत्तरेकडे आणखी एक गुंता आहे. तिथे सुगंधबाला म्हणून पॅव्होनिया ओडोराटा विकतात. ती जास्वंदीच्या कुळातली, म्हणजे तिसरीच वनस्पती. तेव्हा दुकानात नुसतं ‘बाला द्या’ म्हणू नका. वनस्पतीचं शास्त्रीय नाव विचारा.

बाकीचे गैरसमज किरकोळ. ‘वेटिव्हर’ हा शब्द मूळचा फ्रेंच नाही. तमिळमधून फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत गेला. खसखस ही खसाची बी नव्हे, ती अफूच्या बोंडातून निघते. वाळ्याच्या पडद्यामागे गार वाटतं ते पाण्याच्या बाष्पीभवनामुळे. कोरडा पडदा नुसता पडदाच. आणि खसाच्या सरबताचा तो हिरवागार रंग वाळ्याचा नसतो. वाळ्याची मुळं तपकिरी असतात, हिरवा रंग वरून घातलेला असतो.