स्वयंचलित गिअर : काढावा की ठेवावा?



रोवणीच्या दिवसांत आपल्या मोहाडी तालुक्यातील एखाद्या बांधीच्या धुऱ्यावर उभे राहिले, म्हणजे आजच्या विषयाचा निम्मा भाग डोळ्यांनीच समजतो. चिखलात उतरताना ट्रॅक्टरवाला खालचा गिअर टाकतो. इंजिन मोठ्याने गुरगुरते, चाक मात्र सावकाश आणि जोराने फिरते. तोच ट्रॅक्टर संध्याकाळी भंडारा-तुमसर रस्त्याला लागला की वरच्या गिअरमध्ये पळू लागतो. इंजिन तेच, डिझेल तेच. बदलला तो फक्त वेग आणि जोर यांतील सौदा. हा सौदा करून देणारा दलाल म्हणजे गिअरबॉक्स.

थोडा हिशेब करू. ज्या चाकाचा परीघ १.८ मीटर आहे ते ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना मिनिटाला सुमारे १८५ फेरे घेते आणि ताशी ८० ने जाताना सुमारे ७४०. दोन्ही वेळा इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांवरच चालवायचे असेल, तर पहिल्या वेळी इंजिनाच्या अकरा फेऱ्यांना चाकाचा एक फेरा पडला पाहिजे, दुसऱ्या वेळी पावणेतीन फेऱ्यांना एक. हे प्रमाण दंतचक्रांच्या जोड्या बदलून साधते. जोडी बदलताना इंजिन क्षणभर चाकापासून वेगळे करावे लागते, ते काम क्लचचे. जुन्या गाड्यांत हे करताना दाते करकरत. १९२८ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत सिंक्रोमेशची युक्ती आली. दाते एकमेकांत जाण्यापूर्वीच एक कडे घासून दोन्ही चक्रांचा वेग सारखा करते, म्हणून दाते बिनतक्रार बसतात. असे गिअरबॉक्स आपल्यापासून दूर नाहीत. आपल्याच जिल्ह्यात गडेगावला अशोक लेलँडच्या कारखान्यात मोठ्या वाहनांचे सिंक्रोमेश गिअरबॉक्स तयार होत आले आहेत.

आता स्वयंचलित प्रकार. १९०५ च्या सुमारास हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने जहाजांसाठी एक कल्पना मांडली : इंजिन आणि चालते यंत्र यांच्यात घट्ट जोड न ठेवता मध्ये द्रव ठेवावा. एक पंखा तेलाला फिरवील आणि ते तेल समोरच्या पंख्याला फिरवील. समोरासमोर ठेवलेल्या दोन विजेच्या पंख्यांपैकी एक चालू केला की दुसराही हळूहळू फिरू लागतो, तसेच हे. मोटारीत या जोडाने क्लचची जागा घेतली आणि तेलाच्या दाबाने गिअर आपोआप बदलण्याची सोय झाली. जनरल मोटर्सने अशी हायड्रा-मॅटिक यंत्रणा १९३९ मध्ये, १९४० सालच्या ओल्डस्मोबिल गाड्यांसाठी, बाजारात आणली. गाडीतून क्लचचे पायदान गेले आणि डाव्या पायाला सुट्टी मिळाली.

ही सुट्टी कोणाला चैन वाटते, कोणाला ती गरज असते. माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचा डावा गुडघा कामातून गेलेला, म्हणून त्यांनी जुनी स्वयंचलित गाडी घेतली. एके दिवशी गाडी चढावर ओढेना. दुरुस्तीच्या दुकानात गिअरबॉक्सचा जो खर्च सांगितला, तो ऐकून घरी मसलत बसली. मुलगा म्हणाला, "बाबा, हे लचांड काढून टाकू आणि साधा गिअर बसवू. कोणताही मिस्त्री दुरुस्त करील." गुरुजी शांतपणे म्हणाले, "तुझे खरे, पण या डाव्या पायाला कोणता मिस्त्री?"

तरी मुलाचा प्रश्न टाकाऊ नव्हता. असा बदल होतो का? होतो. पण गिअरबॉक्स उतरवून दुसरा चढवला, इतक्यावर भागत नाही. इंजिनाच्या मागची पातळ तबकडी आणि तेलाचा जोड काढून जड फ्लायव्हील, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट बसवावी लागते. पायाशी क्लचचे पायदान आणि त्याचा दाब नेणारी नळी किंवा केबल हवी. गिअरचा दांडा, त्याच्या केबल आणि गिअरबॉक्स टांगण्याचे आधार बदलतात. चाकाकडे शक्ती नेणाऱ्या दांड्यांची लांबीही बदलू शकते. रेडिएटरकडे जाणाऱ्या तेलाच्या नळ्या बंद कराव्या लागतात.

एवढे झाले तरी गाडी सुरू होईलच असे नाही. स्वयंचलित गाडी दांडा पार्क किंवा न्यूट्रलवर असल्याची खूण मिळाल्याशिवाय सुरू होत नाही, ती तार नव्याने जुळवावी लागते. शिवाय आजच्या गाडीत इंजिनाचा संगणक गिअरबॉक्सच्या संगणकाशी सतत बोलत असतो. पलीकडून उत्तर आले नाही की तो इंजिनाची शक्ती आखडून धरतो. म्हणून त्याच नमुन्याची, साध्या गिअरची, अपघातात निकामी झालेली पूर्ण गाडी हाताशी असेल तरच जाणते मिस्त्री या कामाला हात घालतात. सुटे भाग गोळा करत बसणाऱ्याचा खर्च दुरुस्तीच्या पुढे जातो.

एक प्रकार मात्र निराळा. २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे स्वस्त स्वयंचलित गाड्यांचा प्रसार झाला. त्यांच्या पोटात साधाच गिअरबॉक्स आणि साधाच क्लच असतो. फक्त क्लच दाबणारा पाय आणि दांडा हलवणारा हात यंत्राचा असतो. तेथे बिघाड झाला तर बहुधा त्या यंत्री हातापायाकडेच आधी पाहावे.

यानंतर कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, नोंदणीपुस्तकातील तपशील कंपनीच्या मूळ वर्णनाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणेच लावले. म्हणून अवजाराला हात लावण्यापूर्वी परिवहन कार्यालयाला लेखी विचारावे आणि विमा कंपनीलाही कळवावे. अपघात झाल्यावर खुलासे करत बसण्यापेक्षा आधी एक अर्ज बरा. याच कायद्याने दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी अनुकूल करून घेण्याची वाट मात्र मोकळी ठेवली आहे, हेही ध्यानात असावे. कायद्याला डाव्या पायाची अडचण कळते. ती घरच्यांना कळायला हरकत नाही.

गुरुजींच्या गाडीचे पुढे काय झाले? दुसऱ्या एका मिस्त्रीने गाडीखाली पुठ्ठा पसरून रात्रभर ठेवला. सकाळी त्यावर लालसर तेलाचा डाग होता. तेल थंड करणारी नळी झिरपत होती. तेल कमी, म्हणून दाब कमी, म्हणून ओढ कमी. नळी बदलली, योग्य जातीचे तेल भरले आणि गाडी चढ चढू लागली. प्रत्येक गाडीचे दुखणे इतके स्वस्त नसते. तेल काळे पडून जळका वास येत असेल तर आतल्या चकत्या झिजल्या असे समजावे आणि मोठ्या खर्चाची तयारी ठेवावी. परंतु आधी निदान आणि मग शस्त्रक्रिया, हा क्रम डॉक्टरकडे आपण धरतो तोच येथेही धरावा.

तेव्हा ज्यांच्यापुढे हा प्रश्न येईल त्यांनी स्वतःला तीन गोष्टी विचाराव्या : बिघाड नक्की कोठे आहे? कायद्याची परवानगी मिळेल का? आणि ही गाडी घरात कोणासाठी आहे? पहिल्याचे उत्तर मिस्त्री देईल, दुसऱ्याचे कचेरी देईल. तिसऱ्याचे उत्तर मात्र घरच्यांनीच, त्या माणसाला शेजारी बसवून, द्यायचे आहे.