किनारा सरकारचा, मग वाळूत सापडलेलं नाणं कुणाचं?

रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर फिरवताना जुनं नाणं सापडलं, तर ते खिशात घालता येईल? नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम २०नुसार भरतीरेषेखालची जमीन सर्वसाधारणपणे राज्य सरकारची. समोरच्या रिसॉर्टची मालकी तिथवर पोहोचत नाही. मात्र वरच्या, सातबाऱ्यातल्या जागेत मालकाची परवानगी हवीच.

नाण्याला लागू होतो गुप्तधनाचा १८७८चा कायदा. पुरलेली वस्तू १० रुपयांहून (हो, दहाच!) अधिक मोलाची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. लपवल्यास वर्षभरापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

पर्यटकाची पडलेली अंगठी मात्र गुप्तधन नव्हे. ती मूळ मालकाचीच. त्याचा शोध न घेता ठेवून घेतली तर गुन्हा ठरू शकतो.