सांडपाण्यात उतरलेली औषधे

आपण घेतलेल्या औषधाचा काही अंश लघवीवाटे सांडपाण्यात उतरतो. नेहमीच्या शुद्धीकरण केंद्रातले जिवाणू मैला फस्त करतात. पण वेदनाशामक डायक्लोफेनॅक किंवा फिट्सवरचे कार्बामॅझेपिन त्यांच्याकडून फारसे विघटित होत नाही. हे अंश बहुधा लिटरमागे नॅनोग्रॅम ते मायक्रोग्रॅम इतके सूक्ष्म असतात. ते शोधण्यासाठी द्रव क्रोमॅटोग्राफीने पाण्यातले घटक वेगळे करतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर रेणूंच्या वस्तुमानावरून औषध ओळखतात.

औषधांचे हे अंश काढण्याचे मुख्य मार्ग दोन. ओझोन वायू रेणू तोडतो. सक्रिय कोळसा त्यांना आपल्या सच्छिद्र पृष्ठभागावर धरून ठेवतो. ओझोनमुळे नवे उपपदार्थ तयार होतात, म्हणून पुढे वाळूच्या गाळणीसारखा जैविक टप्पा ठेवतात. स्वित्झर्लंडने २०१६पासून निवडक केंद्रांना असे सूक्ष्म प्रदूषक ८० टक्के काढणे कायद्याने बंधनकारक केले. खर्चासाठी माणशी वर्षाला कमाल ९ फ्रँक शुल्क ठरवले.

घरी पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण औषधांचे अंश काढण्याचा तो खात्रीचा उपाय नाही. म्हणून उरलेल्या गोळ्या आणि सिरप संडासात किंवा बेसिनमध्ये ओतू नका.