चौदा दरवाज्यांचें गणित

न्यायशास्त्राचा विद्यार्थी आरंभींच एक गोष्ट शिकतो. हजार स्वयंपाकघरांत धुराबरोबर अग्नि दिसला, एवढ्यावरून जेथें धूर तेथें अग्नि असलाच पाहिजे, हें सिद्ध होत नाहीं. वारंवार पाहणें, ज्यास शास्त्रांत भूयोदर्शन म्हणतात, तें विश्वास देतें. सिद्धता देत नाहीं. एकच विरुद्ध उदाहरण सारा नियम मोडून टाकतें. हाच विवेक यंत्रें, आगगाड्या, धरणें व संगणक यांच्या गुंतागुंतीच्या व्यवहारास लावणारें एक गणित गेल्या अर्धशतकांत वाढीस लागलें आहे. त्याची ओळख घरांतील थोरामोठ्यांस व विद्यार्थ्यांस सारखीच व्हावी, म्हणून आपल्या नांदेड जिल्ह्यांतीलच उदाहरण घेऊं.

धर्माबाद तालुक्यांत गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. त्यास १४ दरवाजे आहेत. खालच्या अंगास तेलंगणांतील पोचमपाडचें धरण आहे. पाण्यावरून महाराष्ट्र व तेव्हांचा आंध्र प्रदेश यांच्यांत तंटा होऊन सर्वोच्च न्यायालयानें २८ फेब्रुवारी २०१३ रोजीं निकाल दिला. त्याचें तात्पर्य असें: १ जुलै ते २८ ऑक्टोबर नदीच्या प्रवाहास अडथळा नसावा, म्हणजे दरवाजे वर उचललेले असावे, २९ ऑक्टोबरपासून जूनअखेर पाणी अडवितां येईल, परंतु साठा २.७४ टी. एम. सी. च्या मर्यादेंत राहावा. आणि दरवर्षीं १ मार्च रोजीं ०.६ टी. एम. सी. पाणी खालीं सोडावें. एक टी. एम. सी. म्हणजे एक अब्ज घनफूट.

या निकालांत दोन जातींचीं वचनें आहेत, हें चतुर वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. ‘अमुक कधींही घडणार नाहीं’ हें एक, व ‘अमुक नेमकें घडेलच’ हें दुसरें. नेहमींच्या तर्कशास्त्रांत काळाला स्थान नसतें. ‘सदैव’, ‘केव्हांतरी’, ‘तोंपर्यंत’ या शब्दांना गणिताच्या चिन्हांत बसवून तो तर्क संगणकाच्या आज्ञावलींस लावण्याचा मार्ग इस्रायलचे आमिर प्नुएली यांनीं १९७७ मध्यें दाखविला. पुढें क्लार्क व इमर्सन यांनीं अमेरिकेंत आणि सिफाकिस यांनीं फ्रान्समध्यें अशीं वचनें यंत्राकडूनच तपासून घेण्याची रीति शोधिली. तिघांस २००७ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. पॅरिसमध्यें १९९८ सालीं सुरू झालेल्या चालकाविना धावणाऱ्या भुयारी गाडीच्या सुरक्षिततेच्या आज्ञावली अशाच गणितानें सिद्ध केलेल्या आहेत. आपल्याकडे मुंबईची आय. आय. टी. आणि १९८१ मध्यें पुण्यास स्थापन झालेलें टाटांचें संशोधन केंद्र येथें या विषयावर काम झालें आहे.

आतां रीति पाहूं. प्रत्येक दरवाजा उघडा किंवा बंद एवढेंच धरलें, तरी १४ दरवाज्यांच्या १६,३८४ स्थिति होतात. प्रत्येकास उंचीचे १० टप्पे धरले, तर एकावर चौदा शून्यें! सेकंदास एक याप्रमाणें त्या तपासावयास ३१ लाखांहून अधिक वर्षें लागतील. म्हणून गणिती निराळी युक्ति योजतो. आरंभींची स्थिति नियमांत आहे काय, आणि नियमांतील कोणत्याही स्थितींतून कोणतेंही अनुज्ञात पाऊल टाकलें असतां पुढची स्थिति नियमांतच राहते काय, एवढे दोनच प्रश्न तो सोडवितो. पहिली पायरी भक्कम, आणि प्रत्येक पायरी पुढच्या पायरीस आधार देणारी, म्हणजे सारा जिना भक्कम.

हें जुळलें नाहीं, तर विरुद्ध उदाहरण हातीं येतें. समजुतीसाठीं कल्पना करूं. पाऊस कमी झाला. २९ ऑक्टोबरला दरवाजे खालीं आले. वरून ओघ नाहीं. रब्बीला पाणी दिलें. आणि १ मार्चला साठा ०.६ पेक्षां कमी उरला. कोणीं मर्यादा ओलांडली नाहीं, तरीही शेवटचें वचन मोडलें. उपाय असा कीं, ‘१ मार्चपर्यंत ०.६ खालीं साठा उतरूं देऊं नये’ हा नियम आधींच जोडावा. परंतु मुळांत तेवढें पाणी सांठलेंच नाहीं तर? तेव्हां गणित प्रामाणिकपणें बजावतें कीं, माझी सिद्धता पावसाच्या गृहीतावर उभी आहे.

गृहीत ढळलें म्हणजे काय होतें, तें लातूरकरांनीं २०१६ मध्यें भोगलें. ‘मांजरा धरणांत पाणी असेल, तर नळास येईल’ हें विधान त्या उन्हाळ्यांतही तर्कदृष्ट्या खरेंच होतें. धरण मात्र कोरडें होतें. मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. एप्रिलांत आलेल्या पहिल्या गाडींत सुमारें ५ लाख लिटर पाणी होतें. ‘तर’ च्या आधींचा ‘जर’ तपासणें किती अगत्याचें आहे, हें याहून स्पष्ट कोण सांगेल?

आणखी एक मर्यादा आहे. नियम पाळला जातो कीं नाहीं, हें गणित सांगतें. नियम न्याय्य आहे कीं नाहीं, हें सांगत नाहीं. पावसाळ्यांत पाणी डोळ्यांदेखत वाहून जातें व दरवाजे बंद करण्याच्या वेळीं ओघ ओसरलेला असतो, ही धर्माबादकडील शेतकऱ्यांची तक्रार आहे. तिचें उत्तर माणसांनींच माणसांशीं बोलून काढावयाचें आहे. मात्र दोन्ही राज्यांनीं उद्यां नव्या तारखा ठरविल्याच, तर त्यांवर सह्या होण्यापूर्वीं त्या या गणितांतून काढून घ्याव्या. चूक कागदावर सांपडली तर एक ओळ खोडावी लागते. नदींत सांपडली तर एक हंगाम जातो.