आज कोणाचं खाचर?

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात वेल्ह्यात सकाळ झाली तरी उजेड म्हणावा तसा नसतो. तोरण्याचा माथा ढगात, झुंजार माची कुठे आहे ते अंदाजानेच ओळखायचं, आणि पत्र्यावरचा पावसाचा आवाज रात्रीपासून थांबलेला नाही. अशा वेळी गोधडी बाजूला सारून गुडघाभर गार चिखलात उतरावं, अशी हौस कोणाला येणार? तरीही पोटात भाकरी पडली की माणसं डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घेऊन बांधावर हजर होतात. आज कोणाच्या खाचरात भाताची लावणी, हे काल संध्याकाळीच ठरलेलं असतं.

मावळपट्ट्यात या पद्धतीला इर्जिक म्हणतात. आज माझ्या शेतात सगळे, उद्या तुझ्या, परवा तिसऱ्याच्या. ज्याचं शेत त्याच्या घरचं जेवण. मजुरीचा हिशेब पैशात होत नाही, फिरून केलेल्या कामात होतो. इतर भागांत याच रीतीला सावड म्हणतात; जुन्नर-आंबेगावच्या डोंगरी गावांत जमीन सपाट करून खाचरं घडवण्यासाठी गाव एकत्र येतो, ती पडकई. बैलांच्या जागी आता पॉवर टिलर आला, तरुण मुलं पुण्यात नोकरीला गेली, मजूर दुर्मिळ झाला. तरी लावणीच्या दिवसांत इर्जिकीची गरज संपलेली नाही.

काम करायला उत्साह लागतो, आणि उत्साह नसेल तर काम अडतं, अशी आपली पक्की समजूत आहे. म्हणून शहरातला माणूस प्रेरणा शोधत बसतो. भाताच्या शेतकऱ्याला ती चैन परवडत नाही. रोप साधारण 21 ते 25 दिवसांचं झालं की ते लावायलाच हवं. वाफ्यात म्हातारं झालेलं रोप नंतर लावलं तर फुटवे कमी येतात आणि लोंब्याही तितक्याच कमी. मन लागेपर्यंत थांबायचं तर वर्षाचा तांदूळ जातो. मग ही माणसं मन नसताना काम कसं उरकतात? त्यांचा स्वभाव कणखर असतो, असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. खरं उत्तर त्यांच्या आखणीत आहे.

आखणी सुरू होते ती भर उन्हाळ्यात. पाला, गवत, वाळल्या डहाळ्या, शेण यांचा थर रोपाच्या जागेवर पसरून राब भाजायचा. (कृषी विभाग आता राब न भाजता गादीवाफ्यावर रोप करायला सांगतो, आणि पाला मातीतच कुजलेला बरा.) मेच्या अखेरीस रोहिणी लागली की काही जण कोरड्या मातीतच धूळवाफ पेरणी करतात. मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही नक्षत्रं इथे पंचांगापुरती नाहीत. ती कामाचं वेळापत्रक आहेत, आणि ते सगळ्या गावाला पाठ आहे. पाऊस कोसळू लागतो तेव्हा नव्याने ठरवण्यासारखं फारसं काही उरलेलंच नसतं. फक्त हात चालवायचे असतात.

मानसशास्त्र या गोष्टीपर्यंत बऱ्याच उशिरा पोचलं. 2002मध्ये ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग बोलका आहे. आठवड्यातून एकदा तरी व्यायाम करा, असं सांगून त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला काही विशेष दिलं नाही. त्यातल्या 38 टक्क्यांनी व्यायाम केला. दुसऱ्या गटाला हृदयविकाराची माहिती देऊन व्यायामाचं महत्त्व पटवलं. तिथे 35 टक्के. तिसऱ्या गटाला तीच माहिती दिली, शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे लिहून घेतलं. त्या गटातल्या 91 टक्क्यांनी व्यायाम केला. नुसत्या प्रेरणेने काडीचा फरक पडला नव्हता. फरक पडला तो दिवस, वेळ आणि जागा नेमल्याने. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी हीच कल्पना 'अमुक झालं की तमुक करीन' अशा वाक्यात बसवली. 'रोप वीतभर झालं की लावणी' हे वाक्य त्याच घडणीचं आहे.

काम आधीच आखून ठेवण्याचं, वेल्हे-भोरच्या पावसाशी जुळणारं आणखी एक उदाहरण म्हणजे डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेली चारसूत्री भातलागवड. सूत्रं अशी: तूस-पेंढ्याचा पुनर्वापर, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, दोरी धरून ठरावीक अंतरावर लावणी, आणि युरिया-डीएपीच्या ब्रिकेट, म्हणजे गोळ्या. इथल्या उताराच्या खाचरांतून पाणी सतत वाहतं. वर फेकलेला युरिया पहिल्या मोठ्या सरीत ओढ्याला मिळतो, आणि पुढचा हप्ता द्यायला पुन्हा चिखलात उतरण्याचं मनावर घ्यावं लागतं. चारसूत्रीत लावणीच्याच दिवशी, चार चुडांच्या मध्ये एक छोटी गोळी मातीत खोल दाबायची. ती हळूहळू विरघळते, पिकाला पुरते. पुढच्या महिन्यात करायचं काम आजच, सगळे शेतात आहेत तेव्हाच, हातावेगळं केलेलं असतं. पुण्यात टेबलाशी बसून काम करणाऱ्यालाही हे जमण्यासारखं आहे. उद्याचा कागद आज रात्रीच उघडून ठेवावा, पहिलं वाक्य अर्धवट सोडावं, फोन दुसऱ्या खोलीत न्यावा. सकाळच्या मरगळीसाठी आपणच काल केलेली ही सोय.

सवय 21 दिवसांत लागते, असं सर्रास सांगितलं जातं. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या 1960च्या पुस्तकातून पसरला. भाताचं रोप तेवढ्या दिवसांत तयार होईलही. माणसाला जास्त लागतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांचा अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात, असं त्यात निघालं. कोणाला 18 पुरले, तर कोणासाठी अंदाज 254 दिवसांपर्यंत गेला. त्यातली मोलाची गोष्ट वेगळीच होती. मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही. चुकलेल्या एका दिवसाच्या शरमेने सगळंच सोडून देणारी कितीतरी माणसं आपल्या आसपास असतात. त्यांच्यापर्यंत ही गोष्ट पोचायला हवी.

सलग काही आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर मात्र वेळापत्रकाच्या भरवशावर राहू नये. तो आजार असू शकतो. डॉक्टरांकडे जावं, किंवा 14416 या क्रमांकावर सरकारच्या 'टेली-मानस' सेवेशी बोलावं. नैराश्यावरच्या एका उपचारपद्धतीतही रुग्णाला बरं वाटण्याची वाट पाहू दिली जात नाही. दिवसातली लहान लहान कामं नेमून देतात. आधी कृती, मग हळूहळू मन. पण तिथे सोबतीला जाणकार माणूस लागतो.

सोबत ही इर्जिकीचीही खरी ताकद. एकट्याने ठरवलेला बेत एकट्यालाच मोडता येतो. दहा माणसं बांधावर उभी असताना अंथरुणात राहता येत नाही. या खोऱ्यांतल्या बायकांनी हीच गोष्ट पैशांच्या बाबतीत करून दाखवली आहे. ज्ञान प्रबोधिनीने इथे गावोगाव बचत गट उभे केले. पुढे राज्य सरकारचं 'उमेद' अभियान आलं. त्याची पंचसूत्री पाहा: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. 'नियमित' हाच शब्द पुन्हा पुन्हा येतो. रक्कम लहान असते, पण तारीख ठरलेली, बसायची जागा ठरलेली, आणि कोण आलं नाही ते सगळ्यांच्या लगेच लक्षात येतं. शिल्लक उरली तर टाकू, असं म्हणणाऱ्या घरात शिल्लक उरत नाही, हे त्या बायकांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

दिवस कलतो. शेवटची ओळ लावून होते, पाय ओढ्यावर धुतले जातात, कमरा ताठ होत नाहीत. शरीर इतकं थकलेलं असतं की उद्याचा विचारही नको वाटतो. आणि तेवढ्यात, घराकडे वळण्याआधी, बांधावरच कोणीतरी विचारतं, "मग, उद्या कोणाचं?" उत्तर मिळतं, आणि माणसं पांगतात.